तीन गोलांचा फरक : गॅरेथ एन्सवर्थ आणि खालच्या विभागातला मॅनेजर



इंग्लिश फुटबॉल म्हटलं की आपल्याला लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर हीच नावं आठवतात. मॅनेजर म्हटलं की फर्ग्युसन, वेंगर, क्लॉप. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, तो या रांगेत बसणारा नाही. गॅरेथ एन्सवर्थ हे त्याचं नाव. मॅनेजर म्हणून त्याने एकही मोठा चषक जिंकलेला नाही. प्रीमियर लीगचा संघ त्याच्या हाती कधी आला नाही. मग त्याच्यावर तासभर का बोलायचं? तर फुटबॉलमध्ये मॅनेजर नावाचा माणूस नेमकं काय करतो, आणि त्याचं काम आपण मोजतो ते बरोबर मोजतो का, हे त्याच्या कारकिर्दीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मोठ्या नावांच्या बाबतीत दिसत नाही. मोठ्या क्लबात पैसा इतका असतो की माणसाचा वाटा कुठला आणि पैशाचा कुठला हे सांगणं अवघड होतं.

आधी थोडी रचना समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलचे चार मुख्य विभाग आहेत. सगळ्यात वर प्रीमियर लीग, तिथे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४. एकूण ९२ क्लब. नावांचा गोंधळ होतो, म्हणून लक्षात ठेवा : लीग वन हा तिसरा विभाग आहे आणि लीग टू हा चौथा. दरवर्षी तळाचे काही क्लब खाली घसरतात आणि खालचे काही वर चढतात. आपल्याकडे आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच असतो. तिकडे तसं नाही. चौथ्या विभागात तळाला राहिलात तर तुम्ही त्या ९२ क्लबांमधूनच बाहेर पडता. पाचव्या विभागात उत्पन्न आटतं, चांगले खेळाडू निघून जातात, आणि काही क्लबांना परत यायला वर्षानुवर्षं लागतात. काही येतच नाहीत. त्यामुळे लीग टूच्या तळाला चाललेली लढाई ही हौसेची गोष्ट नसते. क्लबाच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या पगारापर्यंत ती पोचते.

आता एन्सवर्थकडे वळू. जन्म १० मे १९७३, लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नचा. खेळायचा उजव्या बाजूला, विंगर म्हणून. म्हणजे रेषेला धरून पळायचं, बचावपटूला चकवायचं आणि मध्ये उभ्या असलेल्या आपल्या माणसाला चेंडू द्यायचा. १९९२च्या सुमारास केंब्रिज युनायटेड, मग प्रेस्टन, मग लिंकन सिटी असा त्याचा प्रवास झाला. या तिन्ही ठिकाणी त्याला एकच मॅनेजर भेटला, जॉन बेक. हा बेक त्या काळात बदनामच होता म्हणा ना. चेंडू लांब मारायचा, पुढे ढकलायचा, नाजूक खेळाच्या भानगडीत पडायचं नाही, हा त्याचा खाक्या. लांब मारलेला चेंडू रेषेबाहेर जाऊ नये म्हणून केंब्रिजच्या मैदानाच्या कोपऱ्यांतलं गवत तो वाढवून ठेवायचा, इतका हिशेबी माणूस. सौंदर्याच्या भक्तांना हे रुचायचं नाही. पण एन्सवर्थ यातून एक गोष्ट शिकला : आपल्याकडे जे नाही त्यासाठी रडत बसायचं नाही, जे आहे त्याचा शेवटचा थेंब वापरायचा.

पुढे त्याचं मोल वाढत गेलं. १९९७ मध्ये पोर्ट व्हेल क्लबाने त्याला ५ लाख पौंडांना घेतलं, आणि १९९८ मध्ये प्रीमियर लीगमधल्या विंबल्डनने त्याच्यासाठी २० लाख पौंड मोजले. आता शिखर गाठणार असं वाटत असतानाच दुखापती मागे लागल्या. २००० साली विंबल्डनही खाली घसरला. २००३ मध्ये तो लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये गेला आणि तिथे जवळजवळ सात वर्षं राहिला. प्रेक्षकांचा लाडका झाला. लांब केस, कातड्याचं जॅकेट, फावल्या वेळात रॉक बँडमध्ये गाणं, असा हा गडी. तिथेच २००८-०९ च्या मोसमात मॅनेजर बदलत असताना दोन वेळा तात्पुरती जबाबदारी त्याच्यावर आली. बाकावर बसण्याची चव पहिल्यांदा लागली ती तिथे.

२००९च्या अखेरीस तो वायकोम्ब वाँडरर्समध्ये आला. लंडनच्या वायव्येला साधारण ५० किलोमीटरवर हाय वायकोम्ब नावाचं गाव आहे. एके काळी इथे लाकडी खुर्च्यांचा मोठा धंदा होता. त्यामुळे क्लबाच्या खेळाडूंना टोपणनाव पडलं ते ‘चेअरबॉइज’. आपण म्हणू, खुर्चीवाली पोरं. क्लबाची स्थापना १८८७ ची, पण चार विभागांच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळाला तो थेट १९९३ मध्ये. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं बाहेरच. लहान गाव, जेमतेम दहा हजारांचं मैदान, आणि तेही क्वचितच भरणारं.

२०१२ साली या क्लबाची अवस्था फार वाईट होती. पैसा संपलेला. मालकी समर्थकांच्या ट्रस्टकडे आली, म्हणजे तिकीट काढून सामना बघायला येणाऱ्या लोकांनीच क्लब हातात घेतला. ऐकायला छान वाटतं, पण समर्थकांच्या खिशाला मर्यादा असतात. खर्च झेपेना म्हणून मुलांना घडवणारी अकादमी बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅनेजरला काढलं आणि ३९ वर्षांच्या एन्सवर्थला सांगितलं, तू सांभाळ. तो अजून खेळतच होता. आधी तात्पुरता, मग नोव्हेंबरमध्ये कायमचा. त्या मोसमात संघ पंधरावा आला. पुढचा मोसम मात्र हातातून सुटत गेला, आणि आपण येतो त्या दिवसापर्यंत, ज्यावरून आजच्या व्याख्यानाला नाव दिलं आहे.

३ मे २०१४. लीग टूच्या मोसमाचा शेवटचा दिवस. तळाचे दोन क्लब बाहेर जाणार. त्यांतला एक, टॉर्की, आधीच ठरलेला. वायकोम्बकडे ४७ गुण, त्यांच्या वर असलेल्या ब्रिस्टल रोव्हर्सकडे ५०. विजयाला तीन गुण मिळतात. म्हणजे वायकोम्बने जिंकायलाच हवं, आणि आपल्या हातात नसलेली गोष्टही घडायला हवी. रोव्हर्स स्वतःच्या मैदानावर खेळत होते, त्यांना नुसती बरोबरी पुरेशी होती. बहुतेकांनी वायकोम्बचा निकाल लावून टाकला होता.

वायकोम्बने टॉर्कीला त्यांच्याच मैदानावर ३-० ने हरवलं. तिकडे रोव्हर्स मॅन्सफील्डकडून ०-१ हरले. दोघांचे ५० गुण. विजय बारा, बरोबरी चौदा, पराभव वीस, हेही दोघांचं अगदी सारखं. मग बघायचा तो गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. वायकोम्बचा उणे ८, रोव्हर्सचा उणे ११. तीन गोल. ४६ सामने, नऊ महिने, आणि शेवटी तीन गोलांचा फरक. १९२० पासून लीगमध्ये असलेला ब्रिस्टल रोव्हर्स बाहेर गेला आणि वायकोम्ब राहिला.

इथे थोडं थांबू या. त्या दिवशी निकाल उलटा लागला असता तर एन्सवर्थची नोकरी बहुधा गेली असती, आणि आपण त्याला अपयशी मॅनेजर म्हणून विसरलोही असतो. पण सकाळी अकरा वाजता जो माणूस होता तोच संध्याकाळी सहा वाजता होता. त्याचं ज्ञान, त्याचा स्वभाव, त्याच्या चुका, काहीही बदललेलं नव्हतं. बदललं ते एवढंच की त्याला पुढे वेळ मिळाला. आणि न्यायासाठी हेही सांगतो की रोव्हर्स संपले नाहीत. ते एका वर्षात परत आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक पायरी चढले. पण तशी खात्री त्या दिवशी कुणालाच नव्हती.

मग मिळालेल्या वेळाचं त्याने काय केलं? पुढच्याच मोसमात, २०१४-१५ मध्ये, जवळजवळ बाहेर गेलेला हा संघ चौथा आला आणि बढतीच्या प्ले-ऑफमध्ये पोचला. पहिले तीन क्लब थेट वर जातात. चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे चार क्लब आपसांत लढतात आणि त्यांतला एकच वर जातो. शेवटचा सामना वेम्बलीवर. साउथएंडविरुद्ध अतिरिक्त वेळेत वायकोम्ब १-० पुढे होते, आणि अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल झाला. पेनल्टीवर ६-७ अशी हार. जो फरक वर्षापूर्वी त्यांच्या बाजूने पडला होता, तो या वेळी विरुद्ध पडला.

अशा हारीनंतर लहान क्लब मोडतात. वायकोम्ब मोडला नाही. का, ते समजून घ्यायला दोन माणसांच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट बॅरी रिचर्डसनची. ऑगस्ट २०१५ मध्ये प्लिमथला सामना होता. खेळता खेळता वायकोम्बचा गोलकीपर जखमी झाला. पर्यायी गोलकीपर म्हणून बाकावर कोण होतं? गोलकीपरांना शिकवणारा प्रशिक्षक, वय ४६. दुसरा गोलकीपर ठेवायला पैसे नसले की असं होतं. रिचर्डसन हातमोजे घालून उतरला, एकही गोल होऊ दिला नाही, आणि वायकोम्ब १-० जिंकले. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. पण या गमतीच्या मागे टंचाई आहे, आणि टंचाईतही प्रत्येक जण कामाला येईल अशी मांडणी आहे.

दुसरी गोष्ट अडेबायो अकिनफेनवाची. हा आघाडीचा खेळाडू, वजन शंभर किलोंच्या वर, व्हिडिओ गेममध्ये सर्वांत ताकदवान फुटबॉलपटू म्हणून पोरांमध्ये प्रसिद्ध. मे २०१६ मध्ये वेम्बलीवर त्याने गोल केला, त्याच्या क्लबाला बढती मिळाली, आणि लगेच टीव्हीसमोर त्याने हसत हसत जाहीर करून टाकलं की मी आता बेकार आहे, कुणा मॅनेजरला हवा असेन तर व्हॉट्सॲपवर कळवा. वय ३४. बहुतेक क्लबांनी विचार केला असणार : हा पळणार किती, टिकणार किती? एन्सवर्थने त्याला बोलावलं. अकिनफेनवाला काय येत नाही याची यादी सगळ्यांकडे होती. त्याला काय येतं याचा विचार एन्सवर्थने केला : उंच आलेला चेंडू छातीवर घ्यायचा, दोन बचावपटू अंगावर झेलायचे आणि मागून येणाऱ्याला चेंडू द्यायचा. बेकच्या शाळेतला धडा इथे कामाला आला. हा माणूस वायकोम्बसाठी पुढे सहा वर्षं खेळला.

खालच्या विभागातल्या मॅनेजरचं काम हे असं असतं. तो बाजारात जाऊन हवं ते आणू शकत नाही. दुसऱ्यांनी सोडलेले, वय झालेले, दुखापतीतून उठलेले, कुणी न बोलावलेले खेळाडू त्याच्याकडे येतात. त्यातून ठसकेबाज संघ उभा करायचा असेल तर डावपेच लागतातच, पण त्याआधी प्रत्येकाला ‘तू इथे हवा आहेस’ असं पटवून द्यावं लागतं. आणि हे पटवायला एक मोसम पुरत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये एफए कपात टॉटनहॅमच्या मैदानावर हाच संघ काही मिनिटांपूर्वीपर्यंत ३-२ पुढे होता आणि भरपाईच्या वेळेत ३-४ हरला. एप्रिल २०१८ मध्ये चेस्टरफील्डला २-१ हरवून लीग वनमध्ये बढती मिळाली. २०१९च्या उन्हाळ्यात परत तीच रड. नव्या मोसमाच्या तयारीला सुरुवात झाली तेव्हा करारावर जेमतेम नऊ खेळाडू होते. फुटबॉलला अकरा लागतात, मंडळी. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकन वकील रॉब कूहिग यांनी क्लबाची ७५ टक्के मालकी घेतली तेव्हा कुठे श्वास घ्यायला जागा झाली. आणि पुढच्याच महिन्यात कोरोनामुळे सगळं ठप्प झालं.

आता थोडं गणित. खेळ थांबला तेव्हा वायकोम्ब लीग वनमध्ये आठव्या क्रमांकावर होते. उरलेले सामने खेळवायचे नाहीत असं जूनमध्ये क्लबांनी मतदान करून ठरवलं. पण सगळ्यांचे सामने सारखे झाले नव्हते. मग प्रत्येक सामन्यामागे सरासरी किती गुण, यावर क्रम लावला. वायकोम्बचे ३४ सामन्यांत ५९ गुण, म्हणजे सरासरी १.७३५. त्यांच्या वर असलेल्या ऑक्सफर्ड, पोर्ट्समथ आणि फ्लीटवूडचे ३५ सामन्यांत ६० गुण, सरासरी १.७१४. झालं! आठवे वायकोम्ब एकदम तिसरे झाले. लीग वनमध्ये पहिले दोनच थेट वर जातात, त्यामुळे ते प्ले-ऑफमध्ये आले. सहाव्या क्रमांकावर असलेला पीटरबरो मात्र सातवा होऊन बाहेर पडला. पीटरबरोच्या माणसाला विचाराल तर तो याला न्याय म्हणणार नाही, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही.

फ्लीटवूडला दोन सामन्यांत मिळून ६-३ ने हरवून वायकोम्ब वेम्बलीवर पोचले. १३ जुलै २०२०. समोर ऑक्सफर्ड युनायटेड. नव्वद हजारांचं मैदान, आणि प्रेक्षक एकही नाही. अँथनी स्ट्युअर्टने नवव्या मिनिटाला गोल केला, ऑक्सफर्डने बरोबरी साधली, आणि ७९व्या मिनिटाला जो जेकबसनने पेनल्टीवर दुसरा गोल केला. २-१. क्लबाच्या १३३ वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा वायकोम्ब दुसऱ्या विभागात गेले. अकिनफेनवा लिव्हरपूलचा जाहीर भक्त; त्या रात्री लिव्हरपूलच्या युर्गन क्लॉपने त्याला अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवला. टॉर्कीच्या त्या दुपारला तेव्हा सहा वर्षंच झाली होती.

गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल, आणि खरीही राहणार नाही.

चॅम्पियनशिपमध्ये पहिले सातही सामने वायकोम्ब हरले. जवळजवळ सगळा मोसम मैदानं रिकामी होती. ज्या लोकांनी क्लब वाचवला त्यांना हा दिवस घरी पडद्यावर बघावा लागला. तरी शेवटच्या दिवसापर्यंत लढाई चालू राहिली. ८ मे २०२१ ला त्यांनी मिडल्सबरोला ३-० हरवलं. म्हणजे २०१४ सारखाच निकाल. पण डर्बी काउंटीने ३-३ बरोबरी साधली. डर्बी ४४, वायकोम्ब ४३. एका गुणाने खाली. त्यातली बोच अशी की पुढच्या मोसमात डर्बीचे २१ गुण कापले गेले, त्यांतले नऊ जुन्या हिशेबांतल्या गैरप्रकारांसाठी. ही कपात एक वर्ष आधी झाली असती तर वायकोम्ब खाली गेले नसते. २०२२ मध्ये पुन्हा वेम्बली, पुन्हा प्ले-ऑफचा अंतिम सामना, आणि संडरलँडकडून ०-२ हार.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, दहा वर्षांहून अधिक काळानंतर, एन्सवर्थने वायकोम्ब सोडलं आणि तो आपल्या जुन्या क्वीन्स पार्क रेंजर्सचा मॅनेजर झाला. क्लब घसरणीला लागलेला होता. त्याने तो मोसम कसाबसा तारला. पण पुढच्या मोसमात संघ तेविसावा असताना, २८ ऑक्टोबर २०२३ ला, त्याला काढण्यात आलं. जेमतेम आठ महिने. त्याच्या जागी आलेल्या मार्ती सिफुएन्तेसने बहुतांशी त्याच खेळाडूंना घेऊन अठरावा क्रमांक मिळवला. म्हणजे सगळा दोष खेळाडूंवर ढकलता येणार नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये तो श्रूजबरीला गेला, तेव्हा तो क्लब लीग वनच्या तळाला होता. तिथून मार्च २०२५ मध्ये जिलिंगहॅमला. जिलिंगहॅम कुठे? लीग टूमध्ये. जिथून त्याने सुरुवात केली होती त्याच विभागात.

मग हा माणूस चांगला मॅनेजर की वाईट? मला वाटतं, प्रश्नच थोडा चुकतो. वायकोम्बमध्ये त्याची पद्धत चालली कारण तिथे कुणाकडेच काही नव्हतं आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. टंचाई सगळ्यांनी मान्य केली होती. क्वीन्स पार्क रेंजर्सच्या खेळाडूंना वेगळ्या खेळाची सवय होती, लोकांना वेगळ्या अपेक्षा होत्या, आणि कुणाकडेच थांबायला वेळ नव्हता. माणूस तोच. जमीन वेगळी. ज्वारीचं बियाणं चांगलं असलं म्हणून ते भाताच्या खाचरात येत नाही, त्यात बियाण्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

आणि दुसरी गोष्ट नशिबाची. तीन गोल, सरासरीतला दोन शतांशांचा फरक, एक गुण. या माणसाच्या कारकिर्दीतले मोठे वळणबिंदू इतक्या बारीक फटीतून गेले आहेत. त्यातले काही त्याच्या बाजूने पडले, काही विरुद्ध. मॅनेजरच्या हातात ती फट नसते. रोज सकाळी सरावाला आलेल्या माणसांना उद्या पुन्हा यावंसं वाटेल, एवढं त्याच्या हातात असतं. फट आपल्या बाजूने उघडली तर आत शिरायला संघ तयार हवा, नाही उघडली तर तो विस्कटता कामा नये. वायकोम्बच्या समर्थकांनी २०१४ नंतर त्याला ठेवलं, २०१५ ची हार पचवली, आणि मग सहा वर्षांनी त्यांना असा दिवस दिसला जो त्यांच्या आजोबा-पणजोबांना दिसला नव्हता.

आज तुम्ही घरी जाऊन इंग्लिश लीगचा गुणतक्ता उघडाल तेव्हा वरच्या चार ओळी सगळेच बघतात. एकदा शेवटच्या पानावर जा, लीग टूच्या तळाशी. तिथे जे दोन-तीन क्लब एकेका गुणासाठी झगडत असतील, त्यांच्या बाकावर बसलेल्या माणसाचा विचार करा. तो नालायक आहे की त्याला अजून वेळ मिळालेला नाही, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

इथेच थांबतो.